ओझ्याचा हिशेब मांडणारा गॅरी

बीजीएमआय खेळताना बॅग फुल झाली की होणारी चिडचिड तुम्हाला नव्यानं सांगायला नको. समोर मस्त स्कोप पडलेला असतो, पण तो उचलायचा तर आधी बँडेज नाहीतर गोळ्या टाकून द्याव्या लागतात. स्कायरिम खेळणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं. एक तलवार जास्त घेतली की हिरोला धावताच येत नाही. अरे, जादूच्या जगात ड्रॅगन चालतो आणि वजन मात्र मोजायचं, हा काय न्याय झाला?

हा न्याय छापील नियमात बसवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे गॅरी गायगॅक्स. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अर्थात डीअँडडी या खेळाचा तो एक जनक. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात टेबलाभोवती बसून जे खेळतात ना, तेच हे. एक जण डन्जन मास्टर होतो आणि गोष्ट पुढे नेतो. बाकीचे योद्धा, जादूगार वगैरे होतात. पडद्याची गरज नाही. बोलायचं, फासे टाकायचे आणि काय घडलं ते कागदावर लिहायचं. त्या कागदावर ‘सामान’ नावाचा एक रकाना असतो. टेबलावर सगळ्यात जास्त वाद होतात ते या रकान्यावरून.

शाळेत रमला नाही, खेळात रमला

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी हे नाव सिनेमातल्या गॅरी कूपरवरून ठेवलेलं. तो आठेक वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी राहायला गेलं. पुढच्या आयुष्यातली बहुतेक सगळी महत्त्वाची गोष्ट याच गावात घडली.

अभ्यासात त्याचं मन नव्हतं. बुद्धिबळ, पत्ते आणि साहसकथांची स्वस्तातली मासिकं यात मात्र तो तासन् तास बुडालेला असायचा. १९५६ मध्ये वडील गेले आणि शाळाही सुटली. मरीन्समध्ये भरती झाला, पण न्यूमोनियामुळे लवकरच घरी परत आला. १९५८ मध्ये, विशीत, मेरी जोशी लग्न झालं. पुढे पाच मुलं झाली.

नोकरी लागली ती इन्शुरन्स कंपनीत, अंडररायटरची. म्हणजे समोरच्या माणसाला किंवा मालमत्तेला किती धोका आहे ते बघायचं, कोष्टकं उघडायची आणि प्रीमियमचा आकडा ठरवायचा. ऐकायला बोअर काम. पण नंतर गॅरीनं जे खेळ लिहिले त्यात कोष्टकंच कोष्टकं आहेत, हे बघितलं की ही नोकरी फुकट गेली नाही असं वाटतं.

ऑफिस सुटलं की तो युद्धाचे खेळ खेळायचा. १९५८ मध्ये बाजारात आलेल्या ‘गेटिसबर्ग’ या बोर्डगेमनं त्याला वेड लावलं होतं. नवरा सारखा बाहेर असतो म्हणून बायकोला संशय आला, ती शोधत गेली आणि मित्राच्या तळघरात हे महाशय नकाशांवर वाकलेले सापडले, असा किस्सा त्याच्याबद्दल सांगतात.

१९६८ मध्ये त्यानं गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्यानं घेतला आणि खेळवेड्यांचं संमेलन भरवलं. तेच ‘जेन कॉन’. आज ते अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या गेमिंग संमेलनांपैकी एक आहे.

नोकरी गेली, खेळ आला

१९७० मध्ये इन्शुरन्सची नोकरी गेली. घरात पाच मुलं. गॅरी बूट दुरुस्त करायचं काम करू लागला. पैसे कमी, पण लिहायला वेळ मिळायचा. १९७१ मध्ये जेफ पेरेन याच्याबरोबर केलेलं ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक आलं. त्याच्या शेवटी जादू आणि ड्रॅगन यांच्यासाठी एक पुरवणी होती.

ती पुरवणी मिनेसोटातल्या डेव्ह आर्नसन नावाच्या तरुणाच्या हाती पडली. आर्नसननं एक वेगळीच गंमत सुरू केली होती. प्रत्येक खेळाडूनं अख्खं सैन्य चालवायचं नाही, एकच माणूस व्हायचं. किल्ल्याखालच्या भुयारात शिरायचं. तो माणूस वाचला तर पुढच्या वेळी तोच, थोडा अधिक अनुभवी होऊन, परत येणार. त्याच्या या जगाचं नाव होतं ‘ब्लॅकमूर’. १९७२ च्या सुमारास त्यानं लेक जिनिव्हात येऊन गॅरीला हा खेळ दाखवला. गॅरी जागेवरच खल्लास! त्यानं आर्नसनकडून टिपणं मागवली आणि टाइपरायटरवर बसला. त्यानं स्वतःचं ‘ग्रेहॉक’ नावाचं जग रचलं. त्या भुयारात उतरलेले पहिले खेळाडू होते त्याचीच मुलं, अर्नी आणि एलीस.

छापायला कुणी प्रकाशक मिळेना. मग १९७३ मध्ये गॅरी आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी ‘टीएसआर’ ही कंपनी काढली. छपाईचे पैसे कमी पडत होते, ते ब्रायन ब्लूम या तिसऱ्या भागीदारानं घातले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा एक खोका बाहेर पडला. किंमत १० डॉलर, प्रती १०००. खोक्यावर नावं दोघांची, गायगॅक्स आणि आर्नसन. वर्षाच्या आत सगळ्या प्रती संपल्या.

दोन हजार नाण्यांचा प्रश्न

आता त्या रकान्याकडे येऊ. १९७४ च्या या पुस्तिकेत ओझ्याला शब्द आहे एनकम्बरन्स, आणि ते मोजायचं माप आहे सोन्याचं नाणं. एक नाणं म्हणजे ओझ्याचा एक एकक. जाड पत्र्याचं चिलखत ७५०, तलवार ५०. दोर, मेखा, पिशव्या असलं सटरफटर सामान मोजत बसायचं नाही, सगळ्याचे मिळून सरळ ८० धरायचे. ७५० पर्यंत ओझं असेल तर चालण्याचा वेग १२. हजारपर्यंत ९, दीड हजारपर्यंत ६ आणि तीन हजारपर्यंत जेमतेम ३. त्यापुढे उचलताच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. तुमचा योद्धा चिलखत, तलवार आणि सटरफटर सामान घेऊन भुयारात उतरलाय. ओझं ८८०, वेग ९. आत त्याच्या वाट्याला २००० सोन्याची नाणी आली. आणि या जुन्या नियमांत सुखरूप बाहेर आणलेलं सोनं म्हणजेच अनुभवाचे गुण. योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर जायला लागतात बरोबर २००० गुण. म्हणजे समोर पडलाय तो नुसता पैसा नाही, प्रमोशन आहे!

सगळं उचललं तर ओझं २८८०, वेग ३. भुयारातल्या ऑर्क या राक्षसांचा वेग ९. झालं कल्याण. आधीचाच वेग ठेवायचा असेल तर फक्त १२० नाणी घेता येतात. वेग ६ चालणार असेल तर ६२०. चिलखत काढून फेकलं तरी नाण्यांचंच ओझं २००० आहे, वेग ३ च्या वर जात नाही. म्हणजे एकट्याच्या अंगावर हा खजिना धडपणे बाहेर येतच नाही. मग डोकं चालवा. दोन-तीन फेऱ्या मारा, पण मध्ये कुणी सोनं पळवलं तर? हमाल आणा, पण तो पळून गेला तर? २० नाण्यांना खेचर मिळतं, पण ते अरुंद जिन्यावरून उतरेल? मशालीवर मशाल संपत असताना हे सगळं ठरवायचं.

आता कळतं की तो रकाना तिथे का आहे. ड्रॅगनशी लढताना निर्णय फासे घेतात. काय उचलायचं आणि काय मागे टाकायचं, हा निर्णय मात्र पूर्णपणे खेळणाऱ्याचा असतो. ट्रेकला सॅक भरताना ‘पाण्याची एक बाटली कमी घेऊ का’ हा विचार जसा चढणीवर महागात पडतो, तसंच. ओझ्याचा नियम काढून टाकला तर खजिना हा फक्त एक आकडा उरतो.

वजन की अडचण?

नियम आला की त्याचा अर्थ लावणारे आलेच. १९७७ पासून गॅरीनं ‘अ‍ॅडव्हान्स्ड डीअँडडी’ची जाडजूड पुस्तकं लिहायला घेतली. १९७८ मध्ये खेळाडूंचं पुस्तक आलं. त्यात १० नाण्यांचा एक पौंड असं गणित ठरलं. म्हणजे एक नाणं साधारण ४५ ग्रॅमचं. आपलं दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तसली जवळपास सहा नाणी एकत्र. एवढं जड नाणं कुठे असतं का, अशी कुरकुर व्हायचीच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मग ५० नाण्यांचा एक पौंड झाला.

पण मजेशीर गोष्ट १९७९ मध्ये आली, डन्जन मास्टरसाठीच्या पुस्तकात. तिथे परिशिष्टात गॅरीनं वस्तूंच्या ओझ्याचं लांबलचक कोष्टक दिलं. ते पाहून लोक काय म्हणणार याचा अंदाज त्याला होता. कागदाची साधी गुंडाळी, तिचं वजन दोन पौंड कसं असेल? त्याचं उत्तर त्यानं तिथेच देऊन ठेवलं. हा आकडा म्हणजे नुसतं वजन नव्हे. वस्तू किती जड आहे आणि बाळगायला किती अडचणीची आहे, या दोन्हींचा तो मिळून हिशेब आहे.

हे एकदा लक्षात आलं की बरेच वाद आपोआप मिटतात. दहा फुटी काठी वजनाला हलकी, पण ती घेऊन नागमोडी भुयारात वळून दाखवा! गर्दीच्या लोकलमध्ये चित्रकलेचा मोठा ड्रॉइंग बोर्ड घेऊन चढलेल्या आर्किटेक्चरच्या पोरांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

आजही भांडण तिथेच अडतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नियम अगदी सोपा झाला. ताकदीच्या आकड्याला १५ नं गुणा, तेवढे पौंड उचलता येतात. ताकद १० असलेला साधा माणूसही १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, घेऊन आरामात फिरतो. अडचणीचा मुद्दा या गुणाकारात येत नाही. मग एखादा हुशार खेळाडू म्हणतो, माझ्याकडे पाच भाले, दोन शिड्या आणि तीन काठ्या आहेत, वजन मर्यादेत बसतंय, पुस्तकात कुठे मनाई आहे दाखवा. त्याच पुस्तकात पाठपिशवीत ३० पौंड किंवा एक घनफूट सामान मावतं असंही लिहिलंय. वर अंथरूण आणि दोर बाहेरून बांधायची सूट आहे. बाहेर बांधलेलं त्या ३० पौंडांत धरायचं का? सरळ वाचलं तर पिशवीच्या मापात नाही, कारण ते आत नाहीच. पण माणसाच्या एकूण ओझ्यात धरायलाच हवं, कारण ते त्याच्याच पाठीवर आहे. आणि शिड्यांचं काय? तिथे गुणाकार थांबतो आणि डन्जन मास्टरला बोलावं लागतं.

इथे गॅरीची स्वतःची भूमिकाही एकसारखी राहिली नाही, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १९७४ मध्ये त्याचा सूर मोकळा होता. हे नियम म्हणजे सांगाडा आहे, पुढचं तुम्ही तुमच्या कल्पनेनं भरा. पाच वर्षांनी खेळ देशभर पसरला, स्पर्धा होऊ लागल्या, तसा सूर बदलला. सगळीकडे एकच खेळ खेळला जावा, मनमानी फेरफार नकोत, असा आग्रह आला. पण त्याच पुस्तकात डन्जन मास्टरचा शब्द शेवटचा, हेही त्यानं ठेवलंच. एकाच माणसाच्या या दोन बाजू प्रत्येक टेबलावर अजून भांडतायत.

कोण काय घेऊन गेलं

खेळ वाढत होता तसे माणसांमधले हिशेब बिघडत होते. १९७५ च्या सुरुवातीला डॉन के हार्ट अ‍ॅटॅकनं गेला. भागीदारीची घडी बदलली आणि कंपनीची बहुतांश मालकी ब्लूम कुटुंबाकडे गेली. खेळ गॅरीच्या नावानं ओळखला जात होता, पण कंपनी त्याच्या हातात नव्हती.

आर्नसनचं आणखी वाईट झालं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा वेगळाच खेळ आहे, अशी कंपनीची भूमिका होती. म्हणजे त्यावर आर्नसनला रॉयल्टी नाही. १९७९ मध्ये तो कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली. गॅरीवर लिहिताना हे टाळून चालणार नाही. नियम कागदावर आणले ते गॅरीनं, त्यासाठी रात्री जागवल्या त्याही त्यानं. पण एका माणसानं एक पात्र होऊन भुयारात उतरायचं, ही कल्पना त्याच्या दारात आर्नसन घेऊन आला होता. गॅरीला वस्तूंच्या ओझ्याचा जितका चोख हिशेब जमला, तितका या श्रेयाचा जमला नाही.

बाहेरून वेगळंच वादळ आलं. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. तो डीअँडडी खेळायचा, एवढ्यावरून पेपरांनी खेळालाच आरोपी केलं. त्याच्या जाण्याचा खेळाशी संबंध नव्हता, हे नंतर स्पष्ट झालं. पण तोवर हा सैतानाचा खेळ आहे अशी ओरड सुरू झाली होती. १९८५ मध्ये गॅरीला सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात येऊन बाजू मांडावी लागली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमध्ये एडीच्या मागे गाव लागतं, ते याच काळावरून घेतलेलं. गंमत म्हणजे या बदनामीनं विक्री वाढलीच.

त्याच वर्षी कंपनीत शेवटचा डाव झाला. ब्लूम बंधूंनी आपले शेअर्स लोरेन विल्यम्स यांना विकले आणि सूत्रं त्यांच्याकडे गेली. गॅरी कोर्टात लढला, हरला आणि १९८६ मध्ये स्वतःच सुरू केलेल्या कंपनीतून बाहेर पडला. मुलांसाठी रचलेलं ‘ग्रेहॉक’ तिथेच राहिलं, कारण त्याचे हक्क कंपनीचे होते. १९९२ मध्ये त्यानं नवा खेळ आणला, तर टीएसआरनं त्याच्यावरच दावा लावला. तडजोडीत तो खेळही टीएसआरकडे गेला.

इतकं झाल्यावर कुणीही कडवट झाला असता. गॅरी लिहीत राहिला, खेळत राहिला. १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’नं टीएसआर विकत घेतली आणि जुन्या मंडळींशी पुन्हा जुळवून घेतलं. २००० मध्ये ‘फ्यूचरामा’च्या एका भागात अल गोर आणि स्टीफन हॉकिंग यांच्यासोबत गॅरीनं स्वतःच्याच पात्राला आवाज दिला. २००४ मध्ये स्ट्रोक येऊन गेला, काम कमी झालं. तरी लेक जिनिव्हातल्या घराच्या पोर्चवर, भेटायला येणाऱ्या पोरांसोबत त्याचा डाव रंगायचा. ४ मार्च २००८ रोजी तो गेला, वयाच्या ६९ व्या वर्षी. वर्षभरानं, एप्रिल २००९ मध्ये, आर्नसनही गेला.

तुमच्या टेबलासाठी

पुण्या-मुंबईत आता कॅफेमध्ये आणि हॉस्टेलच्या रूमवर डीअँडडीचे ग्रुप जमतात. तुम्ही नवे असाल तर पहिल्या दोन-तीन सेशनमध्येच ओझ्याचा वाद होणार, हे धरून चाला. तेव्हा नुसतं पुस्तकातलं वाक्य दाखवू नका आणि डन्जन मास्टर असाल तर नुसता हुकूमही सोडू नका. हा नियम इथे कशासाठी आहे, एवढं एकमेकांना विचारा. तुमच्या गोष्टीत सामान संपण्याची भीती महत्त्वाची असेल, जंगल मोठं आणि खायला कमी असेल, तर प्रत्येक पौंड मोजा. राजदरबारातली कारस्थानं चालली असतील तर तो रकाना खुशाल सोडून द्या. आणि जे ठरेल ते डाव सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगा, मधूनच नको.

कुणाच्या पात्राकडे ‘बॅग ऑफ होल्डिंग’ ही जादूची पिशवी आली तर? १९७४ च्या पुस्तिकेत तिच्यात १०,००० नाणी मावायची आणि ओझं फक्त ३०० चं व्हायचं. म्हणजे वरच्या उदाहरणातला योद्धा सगळं सोनं घेऊन वेग ६ नं बाहेर आला असता. ऑर्क तरीही जास्त वेगानं पळतात, हे मात्र विसरू नका.